‘डेथ मॅग्नेटिक’ कानाला का टोचतो? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मेटॅलिका या मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम ऐकताना ड्रमचा ठोका पडला की चरचर येते. आवाज कमी केला तरी जात नाही. हेडफोन बिघडला असेल का?

उत्तर : हेडफोन ठीक असावा, कारण ही चरचर रेकॉर्डिंगमध्येच आहे. सीडीवरच्या आवाजाला कमाल मर्यादा असते. १६ बिटमध्ये नमुन्याचे, म्हणजे क्षणोक्षणी मोजलेल्या पातळीचे, मूल्य ३२,७६७ च्या वर जाऊच शकत नाही. गाणे दणदणीत वाटावे म्हणून सगळीच पातळी वर रेटली, की ठोक्यांची टोके या मर्यादेला आपटून सपाट कापली जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत मूळ वादनात नसलेल्या उंच कंप्रता तयार होतात, आणि त्याच टोचतात. आवाज कमी केल्याने लाट लहान होते, पण तिचा माथा सपाटच राहतो.

खात्री करायची तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणे उघडा आणि व्ह्यू मेनूतून ‘शो क्लिपिंग’ चालू करा. जिथे आवाज मर्यादेला टेकला आहे तिथे लाल रेषा दिसतील. मग एकेक नमुना सुटा दिसेपर्यंत झूम करा. लागोपाठ काही नमुने एकाच उंचीवर असतील तर माथा कापलेला आहे. ही तपासणी सीडीवरून किंवा फ्लॅक (काहीही न गाळता साठवलेल्या) फाइलवरूनच करा. एमपी३ उलगडताना टोके आपोआप थोडी वर उसळतात, त्यामुळे लाल रेषा उगाच वाढतात.

प्रश्न : मग अल्बमच फसला असे म्हणायचे का?

उत्तर : मुळीच नाही. १२ सप्टेंबर २००८ रोजी तो आला तेव्हा लांब रचना, वेग आणि २००३ च्या ‘सेंट अँगर’मधून गायब झालेले गिटार सोलो परतल्याने बहुतेक चाहते सुखावले होते. अमेरिकेच्या यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. राग होता तो आवाजावर. अल्बम पुन्हा मिक्स करावा, म्हणजे वाद्यांचे ट्रॅक नव्याने एकत्र जुळवावेत, अशा मागणीच्या अर्जावर हजारो सह्या झाल्या. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, करणारे टेड जेन्सन यांनीही मिक्स आपल्याकडे आले तेव्हाच दाबलेले (लहानमोठे आवाज एकाच पातळीला रेटलेले) होते, असे सांगितले. म्हणजे बिघाड मास्टरिंगच्या आधीचा.

याचा सज्जड पुरावा ‘गिटार हिरो ३’ या व्हिडिओ गेममध्ये मिळाला. खेळणारा चुकला की फक्त गिटार बंद करता यावी म्हणून गेमला वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक लागतात. त्यामुळे त्यात तीच गाणी शेवटच्या दाबणीशिवाय आली. सीडीचा डीआर, म्हणजे सर्वांत मोठ्या भागांची सरासरी पातळी आणि टोके यांतले अंतर, जेमतेम ३ भरतो. गेममधली आवृत्ती ऐकली की ठोक्याला धार आणि ठोक्यांमध्ये मोकळी जागा आहे हे लगेच कळते. चाहत्यांची तक्रार रास्त होती, हे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : दोन आवृत्त्यांची तुलना नीट कशी करावी?

उत्तर : आधी दोन्हींची पातळी सारखी करा. जास्त मोठ्याने वाजणारी आवृत्ती पहिल्या अर्ध्या मिनिटात नेहमी सरस वाटते. १ डेसिबलचा फरकही निवाडा फिरवतो. ऑडॅसिटीत ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ घेऊन दोन्ही फाइली उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणा आणि अँप्लिफायरचा आवाज वाढवा. उणे १४ ठेवलेत तर कमी दाबलेल्या आवृत्तीची टोके मर्यादेपलीकडे जातील आणि क्लिपिंग तुम्हीच कराल. त्यानंतर एकच ३० सेकंदांचा तुकडा, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) आणि झांजा एकत्र वाजत असलेला, आलटून पालटून ऐका.

प्रश्न : एलपीवरून (ग्रामोफोन तबकडीवरून) घेतलेल्या फाइलचा डीआर जास्त दिसतो. ती घ्यावी का?

उत्तर : आकड्यावर जाऊ नका. कापलेला आवाज तबकडीवर चढून सुईवाटे परत येताना लाटेचा आकार बदलतो आणि सपाट माथ्यांना पुन्हा टोके फुटतात. मीटर ती टोके मोजतो. हरवलेला आवाज परत आलेला नसतो.

प्रश्न : घरी दुरुस्ती होईल का?

उत्तर : थोडीफार. ऑडॅसिटीत फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये (मर्यादेवरची टोकेही साठवणाऱ्या रूपात) बदला, १० सेकंदांचा तुकडा निवडा आणि कापलेली टोके पुन्हा उभारणारा ‘क्लिप फिक्स’ लावा : थ्रेशोल्ड (ज्या उंचीपासून टोक कापलेले धरायचे ती) ९५ टक्के, पातळी उणे ९ डेसिबल. ही पातळी कमी करावीच लागते, नाहीतर नव्याने उभारलेली टोके मावत नाहीत. थ्रेशोल्ड खूप उतरवला तर धडधाकट टोकेही कापलेली समजली जातात आणि आवाज विचित्र होतो. या अल्बममध्ये आणखी एक अडचण आहे. क्लिपिंगनंतरही आवाजावर प्रक्रिया झाल्यास काही माथे तिरके होतात, आणि ते क्लिप फिक्सला ओळखूच येत नाहीत. अशा जागी इक्वलायझरवर (वेगवेगळ्या कंप्रता कमीजास्त करणाऱ्या साधनावर) ३ किलोहर्ट्झच्या आसपास २ ते ३ डेसिबल कमी करा. चरचर राहील, पण सलग ७५ मिनिटे ऐकताना कान शिणणार नाहीत.