पीए ॲम्प दिवाणखान्यात: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या खेपेला मी सहज लिहून गेलो होतो की लग्नाच्या हॉलमध्ये आणि गणपतीच्या मांडवात चालतात तसले प्रोफेशनल (पीए, म्हणजे पब्लिक ॲड्रेस) पॉवर ॲम्प घरातल्या हाय-फायला छान चालतात आणि बरेच स्वस्त पडतात. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळी दुसरं काही लिहितच नाही.

माझ्याकडे बुकशेल्फ स्पीकर आहेत, सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी, रेसिव्हर (घरचा ॲम्प) चॅनलला ५० वॉटचा. मित्र म्हणतो २०० वॉटचा पीए ॲम्प घे. एवढ्या वॉटचं घरात करायचं काय? आणि आवाज "डीजेसारखा" नाही ना होणार? (रामबाग, इंदूर)

डीजेसारखा आवाज होतो तो डीजेच्या स्पीकरमुळे आणि डीजेच्या हातामुळे, ॲम्प बिचारा त्यात फार कमी दोषी असतो. आता वॉटचं. ८७ डीबी म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर ८७ डीबी आवाज, आणि ८७ म्हणजे घरात बऱ्यापैकी मोठा हो. सोफ्यावर बसून रोजचं ऐकताना सरासरी अर्धा वॉटसुद्धा लागत नाही. मग २०० कशाला? तर तबल्यासाठी. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये थाप पडते ती सरासरीपेक्षा २० डीबीपर्यंत वर उसळू शकते आणि २० डीबी म्हणजे पॉवर शंभरपट, अर्ध्या वॉटवर आरामात ऐकत असाल तर त्या एका क्षणाला ५० वॉट हवेत, आणि आवाज थोडा वाढवलात, सरासरी एक वॉटवर नेलीत तर १००. तुमचा रेसिव्हर तिथेच कापतो, थाप चपटी होते आणि आपण म्हणतो रेकॉर्डिंग काही खास नाही. बाकी वेळ हे २०० वॉट नुसते झोपून असतात. जास्त मोठ्ठं ऐकायचं म्हणून घेत असाल तर निराश व्हाल, कारण ५० चे १०० वॉट केले तरी वाढतात फक्त ३ डीबी, शेजारच्यालाही फारसं कळणार नाही.

उदाहरण म्हणून क्राउनचा एक्सएलएस १००२ घ्या, ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) स्पीकरला चॅनलमागे २१५ वॉट, ४ ओहमला ३५०, क्लास डी (कमी तापणारी रचना), वजन ४ किलोच्या आत, आणि मागे आरसीए (घरच्या सीडी प्लेयरला असतं तसं गोल) इनपुटसुद्धा दिलेत त्यामुळे नवशिक्याला सोपा. तोच घ्या असं नाही म्हणून राहिलो. फक्त खोक्यावर "५००० वॉट पीएमपीओ" (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं दिसलं की भिया हात जोडून पुढे चला, आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) किती आणि किती ओहमला एवढंच विचारायचं.

ॲम्प आणला, लावला, दम आहे. पण गाणं बंद असताना ट्वीटरमधून (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) सतत शूंऽ असा आवाज येतो. रेसिव्हरवर असा नव्हता. ॲम्प खराब आहे का? (सुदामा नगर, इंदूर)

खराब नाहीये, गेन (ॲम्प सिग्नल किती पट करतो ते) जुळलेला नाही, आणि खरं सांगू का, पीए ॲम्प घरात लावण्यातलं निम्मं काम हेच आहे, लोक वॉट बघून घेतात आणि गेन कोणी बघतच नाही.

आधी निदान करा. ॲम्पचे दोन्ही नॉब पूर्ण बंद करून ट्वीटरला कान लावा. शूं तशीच राहिली तर ती ॲम्पची स्वतःची, तिला इलाज नाही. फूटभर लांब गेल्यावर ऐकू येत नसेल तर सोडून द्या, पण हॉर्नवाले १०० डीबीचे स्पीकर असतील तर मात्र असा ॲम्प घरात घेऊच नका, खुर्चीपर्यंत ऐकू येईल. आणि नॉब बंद करताच शूं गेली (दहातल्या आठ वेळा हेच होतं) तर ती मागून येतेय, डॅकमधून (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारी डबी) किंवा प्रीॲम्पमधून (ॲम्पच्या आधीचा व्हॉल्यूमचा खोका), ॲम्प तिला फक्त मोठी करतोय.

किती मोठी ते बघा. वरच्याच ॲम्पला २१५ वॉट काढायला ८ ओहमवर साधारण साडेएक्केचाळीस व्होल्ट लागतात. इनपुट सेन्सिटिव्हिटीचं (किती व्होल्टच्या सिग्नलवर ॲम्प पूर्ण पॉवर देतो त्याचं) सेटिंग ०.७७५ व्होल्टवर असेल तर ॲम्प सिग्नलला ५३ पट करतो, १.४ वर ठेवलं तर ३० पट. म्हणजे एवढ्या एका सेटिंगने मागून येणारी शूं ५ डीबी खाली येते, फुकटात. घरातले सीडी प्लेयर आणि बहुतेक डॅक आरसीएवर २ व्होल्टपर्यंत देतात, त्यामुळे १.४ वर ठेवूनही पॉवर कमी पडायचा प्रश्नच येत नाही. आणि तरीही कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम १५-२० टक्क्यांवर ठेवावा लागत असेल तर ॲम्पचे नॉब अर्ध्यावर आणा, नंतर व्हॉल्यूम वाढवा. नॉब कमी केला की पॉवर कमी होते असं खूप जणांना वाटतं. नाही होत, फक्त तिथपर्यंत पोचायला सिग्नल जास्त लागतो.

याचा अजून एक फायदा आहे जो मी नुकसान सोसून शिकलोय. लॅपटॉपवरून डॅक, डॅकवरून थेट ॲम्प, नॉब फुल. एका रात्री अपडेट झालं, व्हॉल्यूम आपोआप शंभरावर गेला, सकाळी पोहे हातात घेऊन प्ले दाबलं. डावा ट्वीटर गेला. पोहे पण गेले.

बाकी अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला विलंबित ख्याल ऐकत असाल तर जुन्या रेकॉर्डिंगमध्ये टेपची खरखर एवढी असते की ॲम्पची शूं शोधूनही सापडणार नाही. ती कळते ती नव्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये, दोन सुरांच्या मधल्या शांततेत.

सेट-टॉप बॉक्स जोडला की घूंऽऽ सुरू. इलेक्ट्रिशियन म्हणाला ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, काढली तर खरंच बंद झालं. चालेल ना? (जीवाजीगंज, ग्वाल्हेर)

नाही चालणार. आत्ता, हे वाचता वाचता, उठा आणि ती पिन परत लावा. आत कुठे वायर सुटून पत्र्याला लागली तर अर्थ नसल्यामुळे करंट तुमच्या हातातून जाईल आणि तोही २३० व्होल्टचा. घूं बंद झाली म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळलं, बरं नाही झालं.

हा ग्राउंड लूप आहे. ॲम्पला अर्थ भिंतीतून मिळतोय आणि दुसरीकडून केबल टीव्हीच्या वायरमधूनही. टीव्हीची वायर काढून बघा, घूं थांबली तर चोर सापडला. लॅपटॉपच्या बाबतीत चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघायचं, तेच तत्त्व. उपाय तीन. पहिला, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, कधीकधी एवढ्यानेच जातं. दुसरा, ॲम्पच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या, माइकसारख्या) इनपुटचा नीट उपयोग करा: दोन तारा आणि वर जाळी असलेली माइकची केबल घ्या, आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या पिन २ ला, आरसीएचा बाहेरचा भाग पिन ३ ला, आणि जाळी फक्त ॲम्पच्या बाजूला पिन १ ला. बाजारात मिळणाऱ्या तयार केबलमध्ये बरेचदा १ आणि ३ आतच एकत्र केलेले असतात, मग बॅलन्स्ड इनपुट (दोन तारांमधला फरकच उचलून घूं गाळणारं) असून नसल्यासारखं. तिसरा, १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मधे टाकायचा. तो घेताना अगदी स्वस्तातला नको, खर्ज खाऊन टाकतो.

पंख्याच्या आवाजाने घरचे वैतागलेत. पंखा काढून टाकू? (इंदूर)

काढू नका. रॅक बंद कपाटातून बाहेर काढा, जाळी ब्रशने साफ करा, आपल्याकडची धूळ काय कमी आहे का. घरच्या वापरात क्लास डी ॲम्प फारसा तापतच नाही त्यामुळे तापमानावर चालणारा पंखा बहुतेक वेळ हळूच फिरतो. कायम फुल स्पीडचा असेल तर त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा, कमी आवाजाचा पंखा बसवता येतो पण हवा कमी पडेल आणि वॉरंटी जाईल, म्हणून हे जुन्या ॲम्पवरच करा. आणि पुढच्या वेळी घेण्याआधी दुकानात कान लावून बघा, दुकानाच्या गोंगाटात नाही, शटर उघडल्या उघडल्या.

ब्रिज मोडमध्ये दोन ॲम्प लावले तर आवाज अजून भारी होईल का? स्पीकर ४ ओहमचे.

नका करू. ब्रिजमध्ये (दोन चॅनल मिळून एकच स्पीकर चालवतात तेव्हा) प्रत्येक चॅनलला स्पीकरच्या निम्मेच ओहम दिसतात, म्हणजे तुमच्या बाबतीत २, बरेच ॲम्प तेवढ्यावर तापतात नाहीतर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद होतात. घरात याची गरजच नाही.

नवरात्र संपली की इथे गरबावाले जुने ॲम्प विकतात, एकदम कमी भावात. घ्यावा का? (दांडिया बाजार, वडोदरा)

घ्या, पण मल्टिमीटर खिशात ठेवून जा. मी इंदूरच्या महाराणी रोडवर एका सेकंडहँडवाल्याकडून घेतला होता, चालवून दाखवला त्याने, दणक्यात वाजला, घरी आणल्यावर वीस मिनिटांनी एक चॅनल अडखळायला लागला. रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) काजळलेला होता. म्हणून दोन मिनिटं नाही, अर्धा तास चालवायला लावायचं, विक्रेता कंटाळला तरी. स्पीकर न जोडता, इनपुट काहीही न देता, आउटपुटवर डीसी मोजा: ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, अर्धा व्होल्ट वगैरे दिसला तर नमस्कार करून निघा. नॉब हळूहळू फिरवा, खरखरतो का बघा. वरचं झाकण उघडू देत असेल तर मोठे कपॅसिटर वरून फुगलेत का ते बघायचं आणि झाकणाचे स्क्रू आधी किती वेळा उघडलेत तेही, घासलेल्या खाचा सगळं सांगतात. पहिल्यांदा घरी लावाल तेव्हा आपले चांगले स्पीकर नकोत, आठवडाभर कुठलेतरी जुने टाकाऊ जोडून ठेवा.