२०१५ची होंडा सिटी, ९० हजार किलोमीटर, पुण्यातला वापर: अजून पाच वर्षं ठेवावी का?

तुमची सिटी पेट्रोल मॅन्युअल आहे, घरचे 'विका आणि एसयूव्ही घ्या' म्हणून मागे लागलेत आणि तुम्हाला ती सोडवत नाही, असं प्रश्नावरून दिसतंय. माझं उत्तर: ठेवा. माझी त्याच पिढीची, वर्षभराने मोठी आणि सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली आहे. आमच्याकडे ती विकायचा विषय दसरा जवळ आला की निघतो आणि दिवाळीच्या सामानासाठी डिकी उघडली की संपतो. ५१० लिटरची डिकी आहे. चौघांच्या बॅगा आणि फराळाचे डबे जाऊन वर छत्र्याही राहतात.

फक्त ९० हजार या आकड्याकडे बघून काही ठरवू नका. पुण्यात गाडी किलोमीटरने कमी आणि स्पीड ब्रेकर, खड्डे, अर्ध्या क्लचवरचं रांगणं यांनीच जास्त झिजते. हायवेवर दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी रोज हिंजवडीच्या कोंडीतून जाणाऱ्या साठ हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा ठणठणीत निघू शकते.

इंजिनाची काळजी फारशी करू नका. या १.५ लिटर आय-व्हीटेकला टायमिंग चेन आहे, त्यामुळे लाख किलोमीटरच्या आसपास टायमिंग बेल्ट बदलायची भानगड नाही. ऑइल वेळेवर बदला, कूलंटवर लक्ष ठेवा. टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग, मात्र बहुतेक लोक विसरतात. याचे टॅपेट हायड्रॉलिक (आपोआप जुळणारे) नाहीत, त्यांचा आणि व्हॉल्व्हचा गॅप हाताने सेट करावा लागतो. साधारण ४० हजार किलोमीटरनी, इंजिन पूर्ण थंड असताना तपासून घ्या. 'आवाज येत नाही म्हणजे ठीक आहे' असं मेकॅनिक म्हणाला तर त्याचं ऐकू नका. गॅप वाढला की टकटक ऐकू येते, पण कमी झाला तर गाडी उलट शांत वाटते आणि व्हॉल्व्ह नीट न बसता जळायला लागतो.

खरा खर्च सस्पेन्शनच्या आणि इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी भागांचा. लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझर लिंक, इंजिन माउंटिंग, स्ट्रटचे माउंट: हे सगळं वयानेही जातं, गाडी उभी असली तरी. सोसायटीच्या गेटवरच्या ब्रेकरवरून काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून हळू न्या. 'खट्' असा कोरडा आवाज आला तर लिंक किंवा बुश बघायला सांगा. असले पार्ट नाना पेठेत स्वस्त मिळतात, पण डुप्लिकेटही तिथेच मिळतात. बुशवर चारशे रुपये वाचवून दोनदा मजुरी देण्यात अर्थ नाही.

आता एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी उभी करा आणि पुढच्या चाकाच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारा. ॲक्सलच्या टोकाच्या सांध्यावर भात्यासारखी काळी रबरी टोपी दिसेल. गॅरेजवाले तिला बूट म्हणतात. आमच्या मेकॅनिकने तिच्या घड्या बोटांनी फाकवून दाखवल्या, तेव्हा आत केसाएवढी चीर होती, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे उडाले होते. त्या टप्प्यावर नुसता बूट आणि ग्रीस बदलून काम भागतं. पावसाळाभर तसंच चालवलं, चिखलपाणी आत गेलं, की पूर्ण वळणावर टक्-टक्-टक् सुरू होतं आणि सांधाच बदलावा लागतो.

क्लचची परीक्षा खंबाटकी घाटात होते. चढावर तिसऱ्यात आरपीएम वाढतोय आणि वेग जागचा हलत नाही, म्हणजे प्लेट घसरते आहे. बदलताना रिलीज बेअरिंगही बदला. गिअरबॉक्स एकदा उतरवलेलाच असतो, फक्त बेअरिंगसाठी परत कोण उतरवणार?

टायर किती झिजलेत याबरोबर त्यांचं वयही बघा. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पुढच्या मॅटखाली पाणी आलं तर बहुधा एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो, गाडी गळते म्हणून घाबरू नका. आणि बेसमेंटमध्ये उंदीर असतील तर गाडी आठवडाभर एका जागी ठेवू नका. वायरिंग कुरतडलं की मग डॅशबोर्डवरचा कुठला दिवा का लागला, हे शोधण्यातच दिवस जातो.

ई२०ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, धास्ती खूप आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, तेव्हा ॲव्हरेज थोडं घटणारच. पण तेवढ्यासाठी लाखांची नवी गाडी घेण्याचा हिशोब मला तरी जमत नाही.

कागदपत्रांचं म्हणाल, तर दिल्लीच्या बातम्या वाचून पुण्यात गाडी विकू नका. पंधरा वर्षांनंतरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागातली आहे. आपल्याकडे २०३० साली गाडी आरटीओत दाखवायची, तपासणीत पास झाली की पाच वर्षांसाठी नोंदणी पुढे सरकते. मोटारीसाठी ही फी २०२२ मध्ये पाच हजार झाली. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागते. लावली नसेल तर तेवढं उरका.

मी असतो तर विकण्याचा विचार दोनच कारणांनी केला असता. एक, लिफ्टवर चढवून पाहिल्यावर खालच्या पत्र्याला पोखरणारा गंज निघाला तर. दुसरं, घरात गुडघेदुखीचं कुणी असेल तर. सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना आधार घ्यावा लागतो, त्याला कुठलंही गॅरेज काही करू शकत नाही. तसं असेल तर एसयूव्ही जरूर घ्या, पण जुन्या विम्याचं नो क्लेम बोनस सर्टिफिकेट मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते.