टाकीचा पत्रा कापताना 22/7 धरायचं की 3.14?

प्रश्न: माझं पारोळ्याला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, पत्र्याच्या गोल टाक्या बनवतो. सात फुटी टाकीला बावीस फूट पत्रा, हा वडिलांपासून चालत आलेला हिशोब. आता पोऱ्या नववीत गेलाय, तो म्हणतो पप्पा 22/7 चुकीचं आहे, पाय (π, म्हणजे घेर भागिले व्यास) अपरिमेय असतो. मी म्हटलं अरे घेर टेपने मोजता येतो, व्यास पण मोजता येतो, भागाकार केला की झालं, मग यात अडतं कुठं? आमच्यात बरोबर कोण?

उत्तर: भाऊ, पोऱ्याचं गणित बरोबर आहे आणि तुमची टाकी पण बरोबर आहे. अपरिमेय म्हणजे मोजता न येणारी संख्या असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. कुठल्याही दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारात जी नेमकी लिहिता येत नाही ती अपरिमेय. व्यास अगदी नेमका 7 फूट असेल तर घेर 21.99114... असा पुढे चालतच राहतो, टेपवर आपण जवळची रेघ वाचतो आणि तिथे थांबतो एवढंच. 22/7 करून बघा, 3.142857 142857 असे तेच सहा आकडे परत परत येतात. पाय 3.14159265... असा जातो आणि त्यात अशी कायमची आवर्तनं कधीच सुरू होत नाहीत, हे लँबर्ट नावाच्या गणितज्ञाने 1761 मध्ये सिद्ध केलं.

आता तुमच्या पत्र्याचं बघू. (जाडीचा हिशोब वेगळा, तो तुम्ही धरतच असणार.) 22/7 ने सात फुटी टाकीला पत्रा साधारण 2.7 मिलिमीटर जास्त येतो, आणि शाळेतलं 3.14 धरलं तर 21.98 फूट म्हणजे जवळपास 3.4 मिलिमीटर कमी पडतो. म्हणजे 22/7 जास्त जवळचं, शिवाय जास्तीचा पत्रा ग्राइंडरने घासता येतो पण कमी पडला तर जॉइंटला फट राहते, त्यामुळे वडिलांचा हिशोब मला तरी फार शहाणपणाचा वाटतो.

आणि ही गोष्ट आपल्याच खान्देशाशी जोडलेली आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जो शिलालेख आहे ना, तो भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. त्याच भास्कराचार्यांनी लीलावतीत, 1150 च्या सुमारास, दोन्ही हिशोब शेजारी शेजारी दिलेत: व्यासाला 3927 ने गुणून 1250 ने भागा, हा सूक्ष्म घेर, आणि 22 ने गुणून 7 ने भागा, हा स्थूल, व्यवहाराला चालणारा. शब्दच ‘व्यवहारयोग्य’ आहे! त्याआधी आर्यभटांनी 499 मध्ये 20000 व्यासाला 62832 घेर सांगितला, दोन्ही आकड्यांना 16 ने भागलं की तेच 3927 आणि 1250 येतात, आणि त्यांनीही त्याला ‘आसन्न’ म्हणजे जवळचा म्हटलंय, नेमका नाही.

सात फुटापर्यंतच्या टाक्यांना 22/7 नेच कापा. एकवीस फुटी मोठी टाकी आली तर मात्र 22/7 ने पत्रा 8 मिलिमीटर जास्त येईल, तिथे 3.1416 ने गुणा, आणि तो गुणाकार पोऱ्यालाच करायला सांगा.