बाईला सुतारकाम झेपतं का, आणि त्यावर पोट भरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, ऑफिसची नोकरी, लाकूडकाम मनापासून करावंसं वाटतं. बाईला तेवढी ताकद असते का, आता उशीर झाला का, पोटापुरतं मिळतं का? आणि घरात जागा नाही.

मी गेली चौदा वर्षं हे काम करते, त्यातली अकरा वर्षं फक्त यावरच जगते. पहिल्यांदा रंधा (लाकूड तासून सपाट करायचं हत्यार) हातात घेतला तेव्हा माझं वय ३३ होतं. म्हणजे उशिराचा मुद्दा इथेच मिटला.

आता ताकदीचं. १८ मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा ताव तीस किलोच्या वर भरतो. मी तो उचलतच नाही. एक टोक जमिनीला टेकवायचं, दुसरं वर घ्यायचं आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर चालवत न्यायचा. मला शिकवणारे मिस्त्री चांगले उंच, दणकट होते. तरुणपणी ते असे ताव खांद्यावर टाकून जिने चढायचे. मी शिकायला गेले तेव्हा त्यांना खाली वाकून पडलेला खिळा उचलता येत नव्हता.

ताकद कमी पडते असं ज्याला आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मापाचं टेबल असतं. हे मला फार उशिरा कळलं. मी शिकले त्या कारखान्यातलं कामाचं टेबल मिस्त्रींच्या उंचीचं होतं. त्यावर रंधा मारताना माझे खांदे कानाला लागायचे, तासाभरात दंड भरून यायचे, आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपलं काही खरं नाही. असे तीन आठवडे गेले. मग तिथे कधीमधी येणाऱ्या, लेथवर कातकाम करणाऱ्या एका बाईंनी काही न बोलता माझ्या पायाखाली दोन जाड फळ्या सरकवल्या. त्याच रंध्याने, त्याच फळीवरून अखंड, पारदर्शक काप निघाला. टेबलाची वरची कड साधारण मनगटाच्या रेषेला आली की जोर दंडातून लावावा लागत नाही. मागचा पाय रोवायचा, कोपर अंगाशी धरायचं आणि अख्खं अंग पुढे न्यायचं. करवतीचंही तसंच. ढकलून कापणारी करवत जड वाटली तर ओढून कापणारी जपानी करवत वापरून बघा. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं, आणि पातळ पात्याला लाकूड कमी खावं लागतं.

उरलेली ताकद खाते ती बोथट पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी. धार लावणं पहिल्या आठवड्यातच शिका, बाकी सगळं नंतर. पटाशीची उतरती बाजू साधारण २५ अंशांची असते. तिच्या अगदी टोकाला ३० अंशांची एक बारीक पट्टी दगडावर घासून काढायची. घासताना मध्येच थांबून पात्याच्या सपाट पाठीवरून अंगठा धारेच्या दिशेने अलगद बाहेर न्या (धारेवरून आडवा नव्हे, तो एकदाच न्याल!). टोकाला किंचित खरखरीत कड लागली की समजायचं, दगड धारेपर्यंत पोचला. ती कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मग पाठ सपाट धरून दगडावर दोन-चार वेळा फिरवली की ती निघून जाते. खात्री करायची तर मऊ लाकडाचा तुकडा घ्या आणि त्याच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे तंतूंची टोकं उघडी असतात तिथे, पटाशी चालवा. भुगा पडला तर अजून धार नाही. चकचकीत काप निघाला तर कामाला लागा.

ज्याने माझी दोन वर्षं खाल्ली ती गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या कारखान्यात मी करवत घेऊन रेषेवर टेकवली, की कुणीतरी यायचं. ‘आण इकडे, मी करून देतो.’ माणसं वाईट नव्हती, उलट आपण मदत करतोय असंच त्यांना वाटायचं. पण माझ्याबरोबर आलेल्या पोराला कुणी करून दिलं नाही. त्याने सहा महिन्यांत ढीगभर फळ्या वाया घालवल्या, आणि सातव्या महिन्यात त्याची खाच पहिल्या फटक्यात बसायला लागली. मला तोवर घासकाम आणि पॉलिश फार छान यायला लागलं होतं, कारण ‘बायकांचा हात नाजूक असतो’. ही स्तुती फार महागात पडते, सावध राहा. मी शेवटी ‘मला चुकू द्या’ असं स्पष्ट म्हणायला शिकले, तेव्हा दोघंजण दुखावले आणि मिस्त्री हसले. त्या दिवशीची खाच चुकलीच. मी ती अजून ठेवली आहे.

म्हणून शिकायची जागा निवडताना एकच विचारा: पहिल्या महिन्यात टेबल-सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) आणि प्लॅनर (लाकूड तासायचं यंत्र) मी स्वतः चालवणार का, की बघणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा शोधा. नेमकी हीच अडचण ओळखून सारा मॅरेज या फर्निचर करणाऱ्या बाईंनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये मुख्यतः बायकांसाठी एक सामायिक कारखाना उघडला. अशी जागा तुमच्या जवळ नसेल, पण दोन-तीन जणींनी मिळून आठवड्यातून एक दिवस कारखाना भाड्याने घेणं कुठेही जमतं.

वेंडी मारुयामा यांचं नाव तुम्हाला माहीत नसेल तर शोधून त्यांचं काम बघाच. जन्मतः ऐकू कमी येतं, शिवाय सेरेब्रल पाल्सी. अमेरिकेत रॉचेस्टरच्या संस्थेतून फर्निचरची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या पहिल्या दोन बायकांपैकी त्या एक, साल १९८०. पुढे सॅन डिएगोच्या विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं फर्निचर विभाग चालवला. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी-अमेरिकन लोकांच्या अंगावर ओळखीच्या चिठ्ठ्या अडकवलेल्या असत. तशा सुमारे १ लाख २० हजार चिठ्ठ्या त्यांनी माणसं जमवून पुन्हा तयार केल्या आणि झुंबरासारख्या टांगल्या. कपाटं करणारी बाई तिथपर्यंत पोचली. मला त्यांच्या कारागिरीइतकाच हा प्रवास ओढून घेतो.

पैशाचं आता सरळ सांगते. पहिली दोन-तीन वर्षं नोकरी सोडू नका. माझं पोट दुरुस्ती, स्वयंपाकघरातली कपाटं आणि शनिवार-रविवारचे वर्ग यांवर चालतं. ज्या वस्तूंचे फोटो लोक कौतुकाने बघतात, त्या वर्षाला चार-पाच होतात. नवीन माणूस एक चूक हमखास करतो, मीही केली: लाकूड, सरस, स्क्रू यांचा हिशेब धरला आणि तासांचा धरलाच नाही. पहिल्या जेवणाच्या टेबलाला मी ४० तास धरले होते, वहीत ९३ निघाले. सांध्यांना लागलेला वेळ अंदाजाइतकाच होता. बाकीचे तास गेले धार लावण्यात, घासण्यात, तेलाचे हात वाळायची वाट बघण्यात आणि गिऱ्हाइकाशी फोनवर बोलण्यात. तेव्हापासून टेबलाशेजारी वही टांगलेली असते, आणि दर सांगताना आधी ती उघडते. बाई आहे म्हणून घासाघीस जास्त होते का? होते. ‘छंद म्हणून करता ना?’ असं विचारणाऱ्याला मी आता अंदाजपत्रक लेखी देते, तोंडी नाही.

ते पहिलं जेवणाचं टेबल सहा महिन्यांनी फाटलं. वरची फळी जवळजवळ ९० सेंटिमीटर रुंद होती, आणि मी ती खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळून टाकली होती. हवेतला ओलावा वाढला-उतरला की लाकूड रुंदीत फुगतं, आकसतं. लांबीत जवळपास काहीच नाही. आणि वाढवलयांच्या दिशेने ते जितकं हलतं, ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. हे मला पाठ होतं! पण वाचलेलं हातात उतरायला ती भेग पडावी लागली. नवी फळी मी पदरच्या पैशाने बसवून दिली, या वेळी चौकटीत लांबट भोकं ठेवून, म्हणजे स्क्रूला सरकायला वाव राहतो. ते गिऱ्हाईक अजून काम देतं.

स्वतःची शैली कशी सापडते, हे खरं तर तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘मनापासून’ लिहिलंय म्हणून सांगते. मी एकच तीन पायांचं स्टूल अकरा वेळा केलं. चौथ्या वेळी पायांचा कल दोन अंशांनी वाढवला, सातव्या वेळी बैठकीची कड खालून पातळ केली. अकरावं बघून एकीने विचारलं, ‘हे तुमचं आहे ना?’ त्याआधी नवनवीन वस्तू करत होते, तेव्हा कुणी ओळखत नव्हतं.

तब्येतीचं टाळू नका. लाकडाची धूळ कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय. मास्क बहुधा मोठ्या चेहऱ्याच्या मापाचे मिळतात, नाकाच्या बाजूला फट राहते. लहान मापाचा मागून घ्या. लावून जोरात श्वास सोडा, डोळ्यांवर हवा आली तर तो बसलेला नाही. फिरत्या पात्याजवळ हातमोजे, बांगड्या, अंगठी, सैल बाही, मोकळे केस यांतलं काही नको. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवायची.

राहिली जागा. जूडी केन्स्ली मॅकी मुळात चित्रकला शिकलेल्या. स्वतःच्या घराला सामान हवं म्हणून त्यांनी फर्निचर करायला घेतलं, पुढे इतरांबरोबर सामायिक कारखान्यात काम केलं, आणि त्यांची कोरीव प्राण्यांची बाकं-टेबलं संग्रहालयांत गेली. तुम्हाला आत्ता एवढंही नको. एक पाऊण इंची पटाशी, एक ओढायची करवत, मोगरी (लाकडी हातोडा), गुण्या (काटकोन तपासायचं साधन), धार लावायचा दगड आणि टेबलाच्या कडेला अडकणारी एक पाट-पट्टी. हे सगळं एका खोक्यात मावतं. ती पाट-पट्टीच पहिली वस्तू म्हणून करा: वहीएवढी एक फळी, तिच्या एका टोकाला वरून एक पट्टी, दुसऱ्या टोकाला खालून एक. खालची टेबलाच्या कडेला अडते, वरचीला लाकूड टेकवून कापायचं. पट्ट्या गुण्याने तपासून चिकटवा. पहिली तिरकी येईल. ती मोडू नका, दुसरी तिच्यावरच कापा.