चोच मोठी ‘केली’ की ‘झाली’? : ‘जुळवून घेणे’, ‘अनुकूलन’ आणि ‘उत्क्रांती’

विज्ञान शिकवणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, ‘दुष्काळात गॅलापागोस बेटांवरील फिंच पक्ष्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतले आणि आपल्या चोची मोठ्या केल्या’ हे वाक्य योग्य आहे का, आणि ‘जुळवून घेतले’च्या जागी ‘अनुकूलन केले’ किंवा ‘उत्क्रांती केली’ असे लिहिले तर ते अधिक शास्त्रशुद्ध ठरेल का. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही खोट नाही. खोट आहे ती अर्थाची, आणि क्रियापद काढून तिथे संस्कृत नाम बसवल्याने ती जात नाही, कारण ‘पक्ष्यांनी केले’ हा वाक्याचा सांगाडा तसाच राहतो.

आधी प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. गॅलापागोसमधील डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालून, त्यांच्या चोची मोजून, पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या. १९७६ मध्ये तिथे सुमारे १२७ मिलिमीटर पाऊस झाला होता, तर १९७७ मध्ये जेमतेम २४ मिलिमीटर. बारीक, मऊ बिया पाहता पाहता संपल्या आणि उरली ती मुख्यतः ट्रिब्युलस नावाच्या वनस्पतीची टणक, काटेरी फळे. ही वनस्पती आपल्या सराट्याची जवळची नातलग आहे. माळरानावर अनवाणी चालताना पायात रुतलेला सराटा ज्याने ओढून काढला असेल, त्याला ते फळ चोचीने फोडायचे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ज्यांची चोच मुळातच जाड होती त्या पक्ष्यांना ते फोडून आतली बी काढता आली. बारीक चोचीच्या पक्ष्यांना ते साधेना, आणि त्यांतले बहुसंख्य उपाशी मेले. जे वाचले त्यांच्या चोचींची सरासरी जाडी दुष्काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने अधिक भरली, आणि चोचीची ठेवण आनुवंशिक असल्यामुळे ती त्यांच्या पिलांतही उतरली. त्या वर्षात कोणत्याही एका पक्ष्याने आपली चोच वाढवली नव्हती. बदलली ती बेटावरच्या पक्ष्यांची सरासरी.

आता ‘जुळवून घेणे’ या प्रयोगाकडे पाहू. ‘जुळणे’ आपोआप होते, ‘जुळवणे’ कोणीतरी करतो, आणि ‘घेणे’ हे सहायक क्रियापद जोडले की करणारा ते स्वतःसाठी करतो असा अर्थ येतो. ‘लिहून दे’ आणि ‘लिहून घे’ यांतला फरक आपण रोज पाळतो. सासरी जुळवून घेणाऱ्या सुनेचे उदाहरण आठवले, तर या शब्दप्रयोगात इच्छा, प्रयत्न आणि थोडी मुरडही किती घट्ट बसलेली आहे ते लक्षात येते. बेटावर जे घडले त्याला ‘नैसर्गिक निवड’ म्हणतात, आणि तिच्यात नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.

म्हणून तो शब्द टाकून द्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. एकाच जीवाच्या आयुष्यात होणाऱ्या बदलासाठी तो उत्तम आहे. लेहला उतरलेला प्रवासी दोन दिवस विश्रांती घेतो आणि त्याचे शरीर विरळ हवेशी जुळवून घेते, हे वाक्य निर्दोष आहे. तिथे ‘सरावणे’ किंवा ‘रुळणे’ही शोभते. पण हिवाळ्यात भिगवणला उतरणारे पट्टकादंब हे हंस हिमालय ओलांडून येतात, आणि विरळ हवेतूनही प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवणारे त्यांचे हिमोग्लोबिन कोणा एका हंसाने सरावाने कमावलेले नाही, ते त्याला वंशपरंपरेने मिळालेले आहे. हे अनुकूलन होय.

‘अनुकूल’ म्हणजे मुळात कूलाला, म्हणजे काठाला, धरून असलेले. ‘प्रतिकूल’ म्हणजे काठाच्या विरुद्ध. मला हा शब्द या विषयासाठी फार नेमका वाटतो, कारण काठ बदलला की अनुकूल काय ते बदलते, ही जाणीव त्याच्या व्युत्पत्तीतच आहे. फक्त त्याला ‘करणे’ लावू नये. ‘अनुकूलन घडले’, ‘अनुकूलित झाले’ असे लिहावे.

‘निवड’ या शब्दावरही आक्षेप घेतला जातो, की निवड म्हटली की निवडणारा आलाच. डार्विनने हा शब्द पशुपालक आणि कबुतरे पाळणारे करीत असलेल्या निवडीवरून घेतला होता, त्यामुळे हा धोका मुळातच आहे. पण मराठी स्वयंपाकघरात आपण तांदूळ निवडतो, तेव्हा सर्वोत्तम दाणा शोधत नाही. खडे काढतो आणि उरलेले शिजायला टाकतो. फिंचांच्या बाबतीत दुष्काळाने केले ते याच्या जवळचे आहे. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण मात्र इथे कृपया वापरू नये. त्या बेटावर कोणी कोणाचा कान पिळला नाही. ज्याला सराटा फुटला तो जगला, इतकेच.

राहिला ‘उत्क्रांती’. संस्कृतात ‘उत्क्रान्ति’ म्हणजे बाहेर निघून जाणे, विशेषतः जीवाने देह सोडणे; गीतेच्या पंधराव्या अध्यायातले ‘उत्क्रामन्तम्’ याच अर्थाचे आहे. आजचा अर्थ मराठीने आणि गुजरातीने त्याला दिला. हिंदीने ‘क्रमविकास’ आणि बंगालीने ‘विवर्तन’ पसंत केले. आपल्या शब्दातल्या ‘उत्’मुळे वाचकाला पायऱ्या चढत जाण्याचा भास होतो, आणि ‘विकास’ही त्यातून सुटत नाही. १८५९ च्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत डार्विनने या कल्पनेसाठी आज इंग्रजीत रूढ असलेले नाम वापरलेच नव्हते. त्याचा भर ‘बदलांसह वंशसातत्य’ या अर्थाच्या शब्दांवर होता. डॅफ्नी मेजरचीच पुढची हकीकत पाहा. १९८३ मध्ये एल निन्योमुळे तिथे धुवांधार पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला, आणि त्यानंतरच्या कोरड्या काळात लहान चोचीचे पक्षी अधिक टिकले. सरासरी पुन्हा खाली आली. हीसुद्धा उत्क्रांतीच. शब्द रूढ आहे, तो बदलण्याचे कारण नाही; मात्र वर्गात हे दुसरे उदाहरण पहिल्याच्या जोडीने द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘१९७७ च्या दुष्काळात जाड चोचीचे फिंच अधिक प्रमाणात जगले, त्यांची पिले त्यांच्यासारखीच जाड चोचीची निपजली, आणि त्या बेटावरील फिंचांची चोच सरासरीने मोठी झाली.’