आईच्या हळदीच्या पाकिटाची नक्कल झाली, ट्रेडमार्क नाही. हक्क गेला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई वाळवा तालुक्यात 2012 पासून घरची हळद आणि कांदा-लसूण मसाला पाकिटातून विकते, नाव आजीचं. शेजारच्या गावात एकानं नावातलं एक अक्षर बदलून तशीच पाकिटं बाजारात आणलीत, रंग तोच, चित्रही तेच. तुमच्याकडं शॉप अ‍ॅक्ट, उद्यम आणि एफएसएसएआय आहे, ट्रेडमार्क नाही. त्यानं मात्र ट्रेडमार्कचा अर्ज भरल्याचं कानावर आलंय. मग हक्क गेला का, आणि रेसिपीचं पेटंट घेऊन ठेवावं का?

ताई, हक्क गेलेला नाही. पण तो सिद्ध करायला घरात काय शिल्लक आहे, यावर पुढचं सगळं ठरणार आहे. म्हणून उत्तर वाचून झालं की आधी माळ्यावरच्या पिशव्या, ट्रंका, जुन्या फायली खाली काढा.

मी वकील नाही. सांगलीत सत्तावीस वर्षं ऑफसेट प्रेस चालवतो. हळद, मसाले, बेदाणा, पापड यांची स्टिकर आणि कार्टन हे माझं निम्मं काम. तुमच्या प्रश्नाला मी एवढं लांब उत्तर लिहितोय त्यामागं एक कारण आहे, ते आधी सांगतो.

2011 साली एक गिऱ्हाईक मसाल्याचं पाकीट घेऊन आलं. "असंच करून द्या, नाव तेवढं बदला." छापखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं, लग्नपत्रिका तर सगळ्या अशाच होतात, त्यामुळं मला त्यात काही खटकलं नाही. ऑपरेटरनं पाकीट स्कॅन केलं. तोच मरून पट्टा, तोच पितळी खलबत्ता, अक्षरांचं वळणही तेच. चाळीस हजार स्टिकर गेले. तीन-चार महिन्यांनी कोरेगावकडचे एक गृहस्थ प्रेसमध्ये आले, दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, हे तुम्ही छापलंय का? भांडले नाहीत. बारा-तेरा वर्षं ते हा मसाला विकत होते. मी त्यांच्याबरोबर वकिलाकडं गेलो. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला: हे नाव तुम्ही कधीपासून वापरता, त्याचा कागद दाखवा. त्यांचा पहिला छापखाना बंद पडलेला, बिलं रद्दीत गेलेली, विक्री सगळी रोखीची, आणि जुनं पाकीट एकही जपलेलं नाही. शेवटी त्यांनीच आपल्या पाकिटाचा रंग बदलला. मी उरलेले स्टिकर फाडले, पुढची छपाई बंद केली, पण बाहेर गेलेला माल परत येत नाही. त्या माणसाची बारा वर्षांची ओळख माझ्या मशीनवर पुसली गेली, आणि त्याची बोच मला अजून आहे.

म्हणून कागद, ताई. तारीख असलेला कागद.

आपल्याकडच्या ट्रेडमार्क कायद्यात, म्हणजे 1999 च्या कायद्यात, आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण आहे. कलम 34 म्हणतं, की नंतर कुणी तेच नाव रजिस्टर केलं तरी त्याच्या आधीपासून सलग वापरणाऱ्याला तो अडवू शकत नाही. तिरुनेलवेलीत इरुट्टुकडै नावाचं हलव्याचं एक दुकान आहे. त्या नावाचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि 2015 च्या निकालात कोर्टानं स्पष्ट केलं, की आधी वापर करणाऱ्याचा हक्क नुसत्या रजिस्ट्रेशनपेक्षा वरचढ असतो. म्हणजे त्या माणसानं अर्ज भरला म्हणून तुमच्या आईची 2012 पासूनची मेहनत त्याची होत नाही. पण 2012 हे तुमच्या आईच्या तोंडून ऐकून कोर्ट मानत नाही.

काय काय चालतं ते सांगतो. स्टिकर किंवा पाऊच छापल्याची बिलं. दुकानदाराच्या वहीतली तुमच्या मालाची जुनी नोंद. बचत गटातर्फे महालक्ष्मी सरसला किंवा एखाद्या जत्रेत स्टॉल लावला असेल तर त्याचं पत्र, पावती, फोटो. फेसबुकवरची जुनी पोस्ट, ज्यात पाकीट दिसतंय. जीएसटी असेल तर त्याची बिलं. आणि आईच्या छापखान्यात जाऊन जॉबबुक बघायला सांगा. आम्ही प्रत्येक कामाला नंबर आणि तारीख टाकतो, जुन्या कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फायली सीडीवर पडलेल्या असतात. त्या फाईलला तयार केल्याची तारीख असते. हे सगळं स्कॅन करून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांपर्यंत चढलं, तेव्हा माझी खालच्या फळीवरची दहा वर्षांची जॉबबुकं लगदा झाली. कुणाकुणाचा पुरावा त्यात गेला असेल, मला मोजता येणार नाही.

शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, एफएसएसएआय यांतून नावावर मालकी येत नाही. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा इथंच गैरसमज असतो. ही धंदा करण्याची आणि अन्न विकण्याची नोंद आहे. पण त्यावर तुमचं नाव आणि जुनी तारीख छापलेली असते, म्हणून पुरावा म्हणून ती सोन्यासारखी आहे.

आता अर्ज. तुम्हीही ताबडतोब भरा. ऑनलाइन भरला तर व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गाची, म्हणजे मालाच्या एका गटाची, सरकारी फी 4,500 रुपये, इतरांना 9,000. हळद आणि मसाले वर्ग 30 मध्ये येतात. उद्या बेदाणा विकायचा झाला तर तो वर्ग 29. "वापर अमुक तारखेपासून" असं लिहाल तर सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, तिथं वरची सगळी उचकापाचक कामाला येते. माझा आग्रह असा, की नुसतं नाव वेगळं आणि सगळं लेबल वेगळं, असे दोन अर्ज परवडत असतील तर दोन करा. परवडत नसेल तर आधी नाव. रंग आणि चित्र उद्या बदलतील, आजीचं नाव बदलणार नाही. त्याच्या अर्जाचा नंबर मिळाला तर आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर त्याची स्थिती फुकट दिसते. अर्ज तपासून ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापला, की त्या तारखेपासून चार महिन्यांत विरोध नोंदवता येतो, ऑनलाइन फी 2,700 रुपये. हे चार महिने हुकवू नका. दर सोमवारी नवं जर्नल येतं, कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

अर्ज भरल्यावर नावाशेजारी टीएम लिहायला हरकत नाही. गोलातला आर मात्र सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय छापू नका, रजिस्ट्रेशन नसताना तो लावणं दंडनीय आहे. गिऱ्हाईक मागतात, मी छापत नाही.

लेबलवरच्या चित्राचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. चित्र, मांडणी, मजकूर यांवर कॉपीराइट आपोआप तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. पण तो कुणाचा? चित्र प्रेसच्या पगारी डीटीपी ऑपरेटरनं नोकरीचा भाग म्हणून काढलं असेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं पहिला मालक बहुतेक वेळा प्रेसमालक ठरतो. स्वतंत्र आर्टिस्टनं काढलं असेल तर सहसा तो आर्टिस्ट. तुमच्या आईनं पैसे दिलेत एवढ्यानं ते आपसूक आईचं होतंच असं नाही. म्हणून ज्यानं ते काढलं त्याच्याकडून सहीचं लेखी हस्तांतरण घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ही दोन ओळींची चूक मी स्वतः वर्षानुवर्षं करत होतो. आता प्रत्येक आर्टवर्कबरोबर एक पान सही करून देतो, गिऱ्हाईकानं मागितलं नाही तरी.

आणि हो, नक्कल करणाऱ्याची पाकिटं कुणी छापली तेही शोधा. तुमचं नाव रजिस्टर झाल्यावर, परवानगी नाही हे माहीत असून किंवा माहीत असायला हवं असताना तसली लेबलं छापणारा प्रेसवालाही उल्लंघनाचा धनी होतो, कलम 29 मध्ये तसं लिहिलंय. आज नाव रजिस्टर नसलं तरी त्याला जाऊन भेटा. आमच्या धंद्यातले बहुतेक जण समजावल्यावर थांबतात. 2011 मध्ये कुणी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडं आलं असतं, तर मीही थांबलो असतो.

रेसिपीचं पेटंट मिळणार नाही. नुसतं मिश्रण आणि पारंपरिक ज्ञान, दोन्ही 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3 नं बाहेर ठेवलंय. शिवाय पेटंट घेताना सगळं उघड लिहून द्यावं लागतं, मसाल्याला ते मारकच. प्रमाण घरातच ठेवा. भाजणी एकीनं, कांडप दुसरीनं, वजन आईनं, असं काम वाटलेलं असेल तर तसंच राहू द्या, आणि कामाला येणाऱ्यांशी साधा लेखी करार करा.

आता एक गोष्ट, जी सांगलीकर म्हणून मला फार जवळची वाटते. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. हळद! जिथं बोट कापलं की आई आधी हळदीचा डबा उघडते, तिथल्या लोकांनी हे ऐकावं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण रद्द कशानं झालं? "आमच्या घराघरात माहीत आहे" एवढं म्हणून भागलं नाही. परदेशातली नुसती माहिती तिथला कायदा तेव्हा धरत नव्हता, छापील पुरावा लागत होता. जुने संस्कृत ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेख पुढं ठेवावा लागला. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पिढ्यान् पिढ्या हळद साठवली गेली, पण वाद जिंकला तो तारीख असलेल्या छापील पानानं. मी छापखानेवाला, माझ्या मनावर हे कोरलं गेलंय.

पाकिटावर "सांगली हळद" लिहिता का? ते नाव तुमचंही नाही आणि त्याचंही नाही. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, जसं 2016 मध्ये इथल्या बेदाण्याला आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला. हे नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं सामायिक असतं, कुणा एकाला ते ट्रेडमार्कसारखं बळकावता किंवा विकता येत नाही. साताऱ्याला कंदी पेढा प्रत्येक हलवाई विकतो, स्वतःचं असतं ते दुकानाचं नाव, तसंच समजा. मात्र मानांकनाचं नाव हक्कानं वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव घालावं लागतं. त्याची अर्ज फी 2020 मध्ये 500 वरून 10 रुपयांवर आणलीय. शेतीमालाच्या बाबतीत पिकवणाऱ्याबरोबर प्रक्रिया आणि पॅकिंग करणाराही कायद्यात उत्पादक धरला जातो, म्हणजे आईला दार उघडं आहे. समोरचा बाहेरची हळद आणून "सांगली" म्हणून विकत असेल, तर तो एकट्या तुमचा नाही, सगळ्या उत्पादकांचा गुन्हेगार आहे, आणि तिथं तुम्हाला सोबत मिळेल.

नोटीस पाठवताना घाई नको. नोटिशीत "आमचं रजिस्टर्ड नाव" असं चुकूनही लिहू नका. तुमचा दावा फसव्या साम्याचा आहे, वकील त्याला पासिंग ऑफ म्हणतात. तुमच्या मालाची ओळख आधी तयार झालेली होती, त्याच्या पाकिटानं लोक फसतात, आणि त्यानं तुमचं नुकसान होतं, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. म्हणून "काकू, ह्या वेळची हळद फिकी निघाली" असा फोन आला आणि ती हळद त्याची निघाली, तर त्या बाईंचं नाव, तारीख लिहून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज मागवा. दोन्ही पाकिटं त्याच दुकानातून बिलासह विकत घ्या आणि न फोडता ठेवा. असा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या कोर्टात चालत नाही. तालुक्याला लग्न-जमिनीची कामं करणारे वकील चांगले असतात, पण यासाठी ट्रेडमार्कची कामं केलेलाच गाठा.

आईचा पहिला छापखाना बंद झालेला असेल तर निराश होऊ नका. मालक नाही सापडला तरी तिथला जुना ऑपरेटर कुठल्या तरी प्रेसमध्ये काम करतच असेल, आमचं जग लहान आहे. प्रेसचं नाव इथंच खाली कळवा, मी चार ठिकाणी विचारतो.