साहेब माया करतात, पण पुढचं शिकवत नाहीत

“ताई, मन्हामा काय कमी शे?” (माझ्यात काय कमी आहे?)

भूषण (नाव बदललं आहे) एरवी मराठी बोलतो, पण दुखलं की शिरपूरकडची अहिराणीच तोंडात येते. जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात तो अकरा वर्षं एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून चटईसाठी धागा काढणारं मशीन, चालवतोय. तीन वर्षांपूर्वी आलेल्या पोराला साहेब मीटिंगला नेतात, शिफ्टचा रिपोर्ट लिहायला लावतात. भूषण मशीनवरच. पाइप कारखाने, डाळ मिल, बँका, माझ्याशी मन मोकळं करणाऱ्या सगळीकडच्या माणसांकडून मी हेच ऐकते.

“साहेब तुमच्याशी वाईट वागतात?”

“छे! आई दवाखान्यात होती तेव्हा रात्री दोनला गाडी घेऊन आले.”

“तुमची चूक शेवटची कधी काढली?”

“कधीच नाही. माझ्या मशीनकडे बघतही नाहीत, निर्धास्त असतात.”

“आणि त्या पोराची?”

“रोज काढतात.”

यानंतर तो बराच वेळ गप्प होता. अशा वेळी मी बोलत नाही. उत्तर माणसाच्या आतच असतं, त्याला ते सापडू द्यावं, यावर माझा पक्का विश्वास आहे. शेवटी तोच म्हणाला, “म्हणजे मशीन चांगलं चालवतो, म्हणूनच तिथे अडकलोय.”

त्याच्यात काही कमी आहे, हा काटा त्या एका वाक्याने निघाला. मलाही तेव्हाच नीट उमगलं, की त्याला तक्रार का करता येत नव्हती. माया करणाऱ्या माणसाबद्दल तक्रार कशी करायची? कॅथी क्रॅम या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८५ मध्ये वरिष्ठांच्या आधाराचे दोन भाग मांडले : मनाला धीर देणारा आणि नोकरीत पुढे नेणारा. पहिला मिळाला म्हणजे दुसरा आपोआप मिळतो, असं नाही.

म्हणून साहेबांकडे जाताना “मला डावलता” असं म्हणू नका. “बढती द्या” असंही नको. एकच नेमकं काम मागा. आणि आपल्या मशीनवर कोणाला तयार करणार, तेही सांगा. साहेबांची खरी अडचण तिथेच असते. साहेबांनो, तुम्हीही एकाला शिकवत असाल तर बाकीच्यांना त्याचं कारण सांगा. नाहीतर डबा खाताना त्या पोराशेजारी कोणी बसत नाही.

भूषणने शिफ्टचा रिपोर्ट लिहायचं काम मागितलं. साहेब म्हणाले, “अरे, तुला मशीनच आवडतं असं वाटलं मला!”

परवा त्याचा फोन आला. आवाजात हसू होतं. “ताई, पहिला रिपोर्ट परत आला. सात ठिकाणी लाल खुणा!”